खेळाचा तास आणि अध्यक्षांची खुर्ची

"सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं," मी म्हणाले. एकही सन्माननीय सदस्य बसला नाही.

विरोधी पक्षातले पोट्टे प्रयोगशाळेच्या दोन टेबलांमधल्या मोकळ्या जागेत उतरले होते. त्या जागेला हौदा म्हणायचं, हे उगेमुगे सरांनीच शिकवलं होतं, आणि सभागृहात चिडलेले सदस्य हौद्यात उतरतात हेही त्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे आता तक्रार करायची तरी कुणाकडे. एकाने राजदंड उचलला. राजदंड म्हणजे कवायतीचा दांडा, वर सोनेरी कागद. तो डोक्यावर फिरवत पोट्ट्याने अख्ख्या सभागृहाला एक चक्कर मारली आणि सरांनी त्याची कॉलर धरल्यावर दांडा गुपचूप जागेवर ठेवला. मी घंटा वाजवत होते. हात घामाने इतका ओला झाला होता की घंटा निसटून कुणाच्या तरी डोक्यात बसेल असं मला वाटत होतं.

आता मी बारावीत आहे, राज्यशास्त्र घेतलंय, आणि "आचल, दुसऱ्यालाही बोलू दे" हे वाक्य मला दर तासाला ऐकावं लागतं. पण ही गोष्ट नववीतली आहे. तेव्हा मी वर्गात हजेरीशिवाय तोंड उघडत नसे. म्हणूनच सरांनी मला विधानसभेची अध्यक्ष केलं असावं.

आमच्या शाळेत दरवर्षी नववीची अभिरूप विधानसभा भरते. दुसऱ्या शाळांत ती पाठ केलेल्या संवादांची असते. उगेमुगे सर म्हणायचे, संवाद पाठ करायचे तर गॅदरिंगला या, इथे मी नागरिकशास्त्र शिकवतो. म्हणून विषय शाळेतला खरा असायचा आणि निकाल आधी कुणालाच माहीत नसायचा. सर स्वतः सचिव होऊन माझ्या खुर्चीखाली बसायचे. मुख्याध्यापिका काळबांडे मॅडम राज्यपाल. सभागृहाने विधेयक मंजूर केलं की मॅडम सही करायच्या आणि तसं खरोखर शाळेत व्हायचं. आदल्या वर्षीच्या नववीने पिण्याच्या पाण्याचे जास्तीचे नळ मंजूर केले होते आणि ते नळ सुट्टीनंतर लागलेही होते. त्यामुळे हा खेळ आहे असं कुणी समजत नव्हतं. मी तर नाहीच.

त्या वर्षीचं विधेयक जादा तासांचं होतं. गणित आणि विज्ञानाचे जादा तास शाळा सुटल्यावर सुरू झाले होते, अंधार पडेपर्यंत चालायचे. आठवड्यातून तीन दिवस. शिक्षणमंत्री शिरीन शेखने विधेयक मांडलं होतं की हे तास शाळेच्या वेळेतच घ्यावेत, शेवटच्या खेळाच्या तासाला. कबड्डीची अख्खी टीम विरोधात गेली, आणि त्यांचे मित्र, आणि त्यांच्या मित्रांचे मित्र. तालुक्याचे सामने तोंडावर होते. सरांनी पक्षादेश काढला नव्हता. ज्याने त्याने आपल्या मनाने मत द्यायचं, म्हणाले.

आणि मला मतच नव्हतं.

मी टेंभरीहून यायची. आमच्या गावाकडे जाणारी मुलींची निळी बस शाळा सुटली की लगेच निघते. जादा तासाला बसलं की ती चुकते. मग काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत जायचं आणि फाट्यापासून गावापर्यंत पायी, दोन्ही बाजूंना तुरीचं रान. पहिल्या आठवड्यात मी रेटून नेलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा एक मोटरसायकल माझ्या मागे लागली. पुढे जाईना, थांबेना, बोलेनाही कुणी. फक्त हेडलाइट माझ्या पाठीवर. मी पळाले नाही, पळाले तर तीही जोरात येईल असं वाटलं. गावाच्या पाणंदीशी बाबा बॅटरी घेऊन उभे होते, तेव्हा ती वळून गेली.

बाबांची गावात पिठाची चक्की आहे. ते मोठ्याने बोलतात, चक्कीच्या आवाजाची सवय. त्या दिवशी हळू बोलले.

"शिकायचं तं शीक, बाळा. पण असं नाही. या महिन्यात टाइम बदलला नाही तं शाळा बंद. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दे दहावी."

मी म्हटलं, जादा तासाला नाही बसत. तर म्हणाले, मग गणितात काय करशीन, मागच्या खेपेस काय दिवे लावले पाहिलं म्यानं. ते खरंच होतं. दोन्हीकडून रस्ता बंद.

शाळेत मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की गावभर होतं, आणि गावभर झालं की कुणी ना कुणी काका बाबांना येऊन म्हणतो, पोरीची जात, कशाला उगीच. मग महिनाही मिळाला नसता.

विधेयक कोणतं ते कळलं त्याच दिवशी मी सरांना व्हरांड्यात गाठलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. विचारलं, अध्यक्ष बोलू शकतात का. सर म्हणाले, अध्यक्ष बोलू देतात. मत? तर म्हणाले, दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच, तेव्हा मात्र द्यावंच लागतं. माझा जीव भांड्यात पडला. कारण मधल्या सुट्टीत मी मनातल्या मनात माणसं मोजली होती आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या भरत होत्या.

"मग मी ज्याला पाहिजे त्याला देऊ शकते न सर?"

"देऊ शकतेस. पण पद्धत अशी आहे, की अध्यक्षाचं मत आहे ते तसंच राहू देण्याच्या बाजूने पडतं. बदल हवा असेल तर सभागृहाने बहुमत आणावं. अध्यक्षाने एकट्याच्या मताने तो लादू नये."

"हे घटनेत आहे?"

"घटनेत फक्त मत द्यायचं एवढंच आहे. कोणत्या बाजूला, ते नाही. ती पद्धत आहे." आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या खुर्चीत तू आचल चाफले नसतेस. म्हणून तर तुला निवडलं."

आता सांगा, यानंतर माणसाने काय करावं? त्या रात्री मला झोप नाही. मतं सारखी पडणार, सर मान वर करून माझ्याकडे बघणार, आणि मला माझीच शाळा बंद करायला हात वर करावा लागणार. नाही केला तर सर काही बोलणार नाहीत, फक्त चष्मा पुसतील. मला ते जास्त भीतीचं वाटत होतं.

तर हौद्यातले पोट्टे अखेर जागेवर गेले आणि चर्चा सुरू झाली. शिरीन फार छान बोलते. पण ती बाजारपेठेत राहते, शाळेच्या भिंतीला लागून. ती महिला सुरक्षेवर बोलली, समान संधीवर बोलली, पुस्तकातल्या सगळ्या मोठ्या शब्दांवर बोलली, आणि मी वर बसून मनात ओरडत होते की बाई, फाट्याचं बोल, काळीपिवळीचं बोल. तिला फाटा माहीतच नव्हता.

मग यथार्थ हिवरकर उठला. तो सभागृहाचा उपाध्यक्ष आणि कबड्डीचा कॅप्टन. खरं तर त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. मला केलं त्या दिवशी त्याने मित्रांत म्हटलं होतं की ही काय सभागृह चालवते, हिचा आवाज डब्याच्या झाकणाएवढा. तो आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"अध्यक्ष महोदया," तो म्हणाला, "मंत्री महोदया म्हणतात की खेड्यातल्या मुलींना त्रास होतो. माझा एकच प्रश्न आहे. या सभागृहात खेड्यातल्या मुली बसल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीने तरी उठून सांगावं की मला त्रास होतो. कुणी एकीने. की जादा तासाला दांडी मारायला हे कारण काढलंय?"

आणि तो थांबला. खरोखर थांबला, उत्तराची वाट बघत.

सगळ्यांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. दीक्षा नखाने टेबलावरचा रंग खरवडत होती. पल्लवीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्या दोघी माझ्याच बसने यायच्या. त्यांच्याही घरी काही ना काही म्हटलं गेलं असणार. आम्ही एका बाकावर बसून कधी एकमेकींना विचारलं नव्हतं.

"पाहा," यथार्थ म्हणाला. "कुणीच नाही."

मी घंटा वाजवली. का वाजवली मला माहीत नाही. सगळे माझ्याकडे वळले आणि मी उभी होते. अध्यक्ष उभे राहिले की सभागृहात सगळ्यांनी बसायचं असतं, म्हणून यथार्थसुद्धा बसला.

"मला बोलायचं आहे," मी म्हणाले.

सरांनी खालून मान वर केली. "अध्यक्षांना चर्चेत भाग घेता येत नाही, अध्यक्ष महोदया."

"खुर्ची सोडून?"

विरोधी बाजूने कुणीतरी हरकतीचा मुद्दा, हरकतीचा मुद्दा असं सुरू केलं. सरांनी त्याला हातानेच थांबवलं. राज्यपालांच्या जागेवर बसलेल्या काळबांडे मॅडम शेंगदाणे खात होत्या, त्या खायच्या थांबल्या.

"खऱ्या सभागृहात असं सहसा कुणी करत नाही," सर म्हणाले.

"पण करता येतं?"

"करायचं असेल तर खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यावी लागेल."

यथार्थ तोवर अर्धा उठलाही होता. मी पायरी उतरेपर्यंत तो चढला, शर्ट खाली ओढला आणि मॅडमच्या ऑफिसातून आणलेल्या त्या फिरत्या खुर्चीत बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून पाहिलं. इतका खूश मी त्याला रेड मारून आल्यावरच पाहिला होता.

मी खाली उभी राहिले. वरून सभागृह लहान दिसतं. खालून ते फार मोठं आहे.

मनात मी फार झकास भाषण रचलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं की मी टेंभरीची आहे. मग बस कुठून सुटते ते सांगितलं, फाटा सांगितला, तुरीचं रान सांगितलं. मोटरसायकलशी आले आणि आवाज फाटला.

"विषयाला धरून बोला," यथार्थ वरून म्हणाला. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, दिवसभर मीही तेच म्हणत होते. पोट्टे हसले.

"हाच विषय आहे," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी सांगितलंय, या महिन्यात वेळ बदलली नाही तर माझी शाळा बंद. तुम्ही विचारलं कुणाला त्रास होतो. मला होतो. दीक्षाला आणि पल्लवीला विचारू नका. त्या नाही सांगणार, आणि त्यांनी सांगायची गरज नाही."

एवढंच. भाषण म्हणून अगदीच भिकार. मी यथार्थच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले, कारण दुसरी जागाच नव्हती, आणि आजूबाजूला सगळी कबड्डीची टीम.

मतदान हात वर करून. विधेयकाच्या बाजूने हात वर गेले. मी मनात मोजले होते तेच हात. माझ्या बोलण्याने समोरच्या बाजूचा एकही हात इकडे आला नाही, हे मला बसल्या जागी दिसलं. मी माझा हात वर केला. माझ्या शेजारचा पोट्टा माझ्या हाताकडे असा बघत होता की जणू त्याच्या घरात कुणी परकं शिरलंय.

मग विरोधातले. माझ्या चारी बाजूंनी हात वर गेले. वर खुर्चीतून यथार्थचाही गेला.

"हात खाली, अध्यक्ष महोदय," सर म्हणाले.

"सर, मी विरोधात आहे."

"तुम्ही खुर्चीत आहात."

"मी उपाध्यक्ष आहे, सर."

"आत्ता तुम्ही अध्यक्ष म्हणून बसलात. मतं सारखी पडली तर तुमचं मत विचारू."

यथार्थचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू खाली आला. सभागृहात कुणाला आधी समजलं, कुणाला नंतर. मला तेव्हा, त्या हाताकडे बघताना समजलं. मी खाली आले होते आणि तो वर गेला होता. त्यांचं एक मत गेलं होतं, आमचं एक वाढलं होतं. बाकी काहीच बदललं नव्हतं.

सरांनी चिठ्ठी लिहून वर दिली. बाजूने एकवीस, विरोधात एकोणीस. निकाल जाहीर करायचं काम खुर्चीतल्या माणसाचं असतं, आणि तो जाहीर करेपर्यंत निकाल नसतो.

"अबे तहकूब कर," माझ्या शेजारचा ओरडला. मग सगळे ओरडायला लागले. "यथार्थ, तहकूब कर न बे. घंटा वाजव."

करता आलं असतं. गोंधळ झाला की अध्यक्ष सभागृह तहकूब करतात, हे आम्ही दिवसभरात दोनदा केलं होतं. शाळा सुटायला थोडाच वेळ होता, आणि विधानसभा वर्षातून एकदाच भरते. पुढच्या वर्षी आम्ही दहावीत. मी तर कुठेच नाही. मी सरांकडे पाहिलं. सर यथार्थकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा टाचणीच्या डबीत ठेवत होते.

यथार्थने घंटेवर हात ठेवला. त्याची टीम त्याचं नाव घेत होती, सामन्यात घेतात तसं, टाळ्या वाजवून. तो माझ्याकडे बघत होता, की मी बसले होते त्या त्याच्या जागेकडे, मला सांगता येणार नाही.

त्याने घंटा वाजवली.

"खाली बसा," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक निघाला, डब्याच्या झाकणाएवढा. "होयचे बहुमत आहे. विधेयक संमत झालं."

मॅडमनी हात झटकून सही केली. शेंगदाण्याचं एक टरफल कागदाला चिकटून राहिलं.

घरी बाबांना सांगितलं तर चक्की बंद करून ऐकलं त्यांनी.

"कोणं बदललं?"

"विधानसभेनं."

"मुंबईच्या?"

"शाळेच्या, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग ठीक हाय. मुंबईवाल्याईले वर्ष लागलं असतं." आणि चक्की सुरू केली. सतरा नंबरचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही. मी आज बारावीत आहे ते असं.

सोमवारी शेवटच्या तासाला, म्हणजे जो खेळाचा होता त्या तासाला, आम्ही सगळे गणिताला बसलो. यथार्थ माझ्या मागच्या बाकावर. शनिवारच्या विधानसभेपासून त्याच्याशी त्याची टीमसुद्धा धड बोलत नव्हती, हे दीक्षाने मला बसमध्ये सांगितलं होतं. सर यायचे होते. मागून त्याने पेनाने माझ्या बाकावर टकटक केलं.

"तुले माहीत होतं? मी बसलो की माझं मत जाते म्हणून?"

"नाही. तुझा हात वर गेला तेव्हा समजलं."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. पटलं की नाही, कळलं नाही.

"तहकूब काहून नाही केलं?" मी विचारलं.

"पंच म्हणाला आऊट, की मी जातो बाहेर. भांडत नाही. आता मीच पंच होतो तं काय करू?" तो चिडून म्हणाला. "आणि तू येऊन आधी सांगायचं होतं न मले. सरळ सांगायचं, की घरी असं असं हाय."

"सांगितलं असतं तर मत दिलं असतं?"

मला वाटलं तो लगेच हो म्हणेल. मला म्हणायला हवं होतं त्याने. पण त्याने खरंच विचार केला, पेन बाकावर गोल फिरवत.

"नाही," तो म्हणाला. "टीम हाय न माझी."

मी मान हलवली. तेवढ्यात गणिताचे सर आले. मी बीजगणिताचं पुस्तक उघडलं, त्यानेही मागे उघडलं. खिडकीतून रिकामं मैदान दिसत होतं. तिकडे मीही पाहिलं नाही आणि त्यानेही नाही.